मेरी लायन आणि मुकं झालेलं गुणसूत्र

सस्तन प्राण्यांत मादीच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, नराच्या पेशीत एकच, जोडीला छोटंसं वाय. माणसाच्या एक्सवर प्रथिनं बनवणारी आठशेहून अधिक जनुकं आहेत. मग मादीच्या शरीरात ती प्रथिनं दुप्पट का बनत नाहीत? इंग्लंडमधल्या हारवेल इथे काम करणाऱ्या मेरी लायन यांनी १९६१ साली याचं उत्तर दिलं, तेही उंदरांच्या अंगावरचे केस पाहून.

एक्सवरच्या काही उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे जनुकांत झालेल्या बदलांमुळे, उंदरांच्या माद्या कबऱ्या होत. एक पट्टा नेहमीच्या रंगाचा, शेजारचा फिका. तेच उत्परिवर्तन वाट्याला आलेले नर अनेकदा गर्भातच दगावत. मादी सगळीच फिकी का होत नाही, असे पट्टे का पडतात? लायन यांनी या प्रश्नाशेजारी आणखी दोन गोष्टी मांडल्या. एकच एक्स असलेली उंदराची मादी धडधाकट असते, तिला पिल्लंही होतात, हे १९५९ मध्ये कळलं होतं. आणि मादीच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा गडद ठिपका म्हणजे घट्ट गुंडाळलेलं एक एक्सच, असं सुसुमु ओहनो यांनी दाखवलं होतं.

लायन यांचा निष्कर्ष असा: भ्रूण अगदी लहान असतानाच त्यातली प्रत्येक पेशी आपलं एक एक्स बंद करून टाकते. आईकडून आलेलं की वडिलांकडून, हे दैवावर. पण एकदा ठरलं की त्या पेशीपासून पुढे झालेल्या साऱ्या पेशी तोच निर्णय पाळतात. म्हणून पट्टे. ‘नेचर’मधला त्यांचा हा निबंध अगदी छोटा आहे. डीएनएची अक्षरं वाचण्याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. नुसत्या तर्काने पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचणं मला थक्क करतं.

आपल्याकडच्या गल्लीतली काळी-नारिंगी कबरी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, तीही याच कारणाने. नारिंगी रंग ठरवणारा बदल एक्सवर आहे. (पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) तो बदल नेमका कुठला, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं: एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळची सुमारे पाच हजार अक्षरं गळालेली असतात. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेली पहिली क्लोन मांजर ‘सीसी’ तर याचा जिवंत पुरावाच ठरली. जिच्या पेशीपासून ती घडवली, ती मांजर तिरंगी होती; सीसीच्या अंगावर नारिंगीचा मागमूस नव्हता, कारण त्या पेशीतलं नारिंगीचं एक्स बंद होतं आणि ते बंदच राहिलं.

एक्स बंद होतं कसं, याचा धागा १९९१ मध्ये सापडला. ‘एक्झिस्ट’ नावाच्या जनुकापासून लांबलचक आरएनए (जनुकाची नक्कल असलेला रेणू) बनतो. तो कुठलंही प्रथिन बनवत नाही. ज्या गुणसूत्रावर बनला त्यालाच वेढून बसतो आणि तिथली बहुतेक जनुकं मुकी करतो. बहुतेक, सगळी नव्हे. माणसात काही जनुकं निसटतात आणि दोन्ही एक्सवर चालू राहतात. एकच एक्स असलेली उंदराची मादी धडधाकट असली तरी तशा मुलींना टर्नर सिंड्रोम (उंची खुंटणं, बहुधा मूल न होणं) होतो, तो बराचसा याचमुळे.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जीन लॉरेन्स यांच्या गटाने हेच एक्झिस्ट जनुक डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या पेशींत, जादा असलेल्या एकविसाव्या गुणसूत्रावर बसवलं. प्रयोगशाळेतल्या त्या पेशींत ते अख्खं गुणसूत्र बंद पडलं. लायन तेव्हा हयात होत्या.