ते गाणं ‘ड्युरान ड्युरान’च्या पहिल्या अल्बममध्ये नव्हतंच

‘इज देअर समथिंग आय शुड नो?’ हे गाणं ‘ड्युरान ड्युरान’च्या 1981च्या, बँडचंच नाव असलेल्या पहिल्या अल्बममधलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. बर्मिंगहॅमच्या या बँडने ते स्वतंत्र सिंगल म्हणून मार्च 1983मध्ये काढलं. म्हणजे दुसरा अल्बम ‘रिओ’ येऊन गेल्यावर. ब्रिटनमध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं.

गोंधळाचं मूळ अमेरिकेत आहे. पहिला अल्बम तिथे फारसा चालला नव्हता. पुढे एमटीव्हीवर त्यांच्याच ‘हंग्री लाइक द वुल्फ’ या गाण्याचा व्हिडिओ गाजला, तशी कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने 1983मध्ये तोच अल्बम नव्या कव्हरसह पुन्हा बाजारात आणला. त्यात हे नवं गाणं घातलं आणि त्यासाठी ‘टू द शोअर’ सरळ काढून टाकलं. मला हे आजही खटकतं. त्या संथ, धूसर गाण्याशिवाय पहिली बाजू अपुरी वाटते.

जुनी रेकॉर्ड घेताना मागची यादी वाचा. ‘टू द शोअर’ असेल तर ती मूळ आवृत्ती. आणि नुसत्या नावावर जाऊ नका: 1993च्या अल्बमचं नावही ‘ड्युरान ड्युरान’च आहे. चाहते त्याला ‘वेडिंग अल्बम’ म्हणतात.