ब्रॅग आरसा आणि रुगेट फिल्टर: फरक फक्त प्रवाहाच्या आलेखात

सच्छिद्र सिलिकॉनचे हे दोन फिल्टर हातात घेऊन ओळखता येत नाहीत. सिलिकॉनची चकती तीच, हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि इथेनॉलचं द्रावण तेच, आणि दोघांचंही काम ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवण्याचं. म्हणून रुगेट हे ब्रॅगचंच दुसरं नाव असावं, असा समज सहज होतो. फरक आहे तो द्रावणात बुडवलेल्या चकतीत सूक्ष्म छिद्रं कोरताना सोडलेल्या विजेत.

प्रवाह वाढवला की सिलिकॉन अधिक पोकळ होतं आणि अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचं माप, उतरतो. भरीव सिलिकॉनचा अवरक्तातला अपवर्तनांक साधारण 3.4; तो निम्म्याहूनही खाली आणता येतो. कोरणं छिद्रांच्या तळाशीच चालतं, वर तयार झालेले थर जवळजवळ तसेच राहतात. प्रवाह कधी किती होता, ते चकतीच्या खोलीत लिहिलं जातं. मला या पदार्थातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ब्रॅगसाठी प्रवाह पायऱ्यांनी बदलतात: जास्त, कमी, पुन्हा जास्त. प्रत्येक थराची जाडी आणि अपवर्तनांक यांचा गुणाकार तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतका हवा. 30 मायक्रोमीटरसाठी, अपवर्तनांक 2 असेल, तर थर 3.75 मायक्रोमीटरचा. रुगेटमध्ये पायऱ्या नाहीतच. अपवर्तनांक साइन लाटेसारखा चढतो-उतरतो.

दूर-अवरक्तात, म्हणजे अवरक्तातल्या लांब तरंगलांबींच्या टोकाला, हे फार महत्त्वाचं ठरतं. 30 मायक्रोमीटर परतवणारा ब्रॅग आरसा त्याचा तिसरा आणि पाचवा हिस्साही, म्हणजे 10 आणि 6 मायक्रोमीटरही, परतवतो. आणि खोलीच्या तापमानाला असलेल्या वस्तूंचं उष्णताप्रारण नेमकं 10 च्या आसपास सर्वाधिक असतं! तोच प्रकाश पलीकडे हवा असेल, तर ब्रॅग उपयोगाचा नाही. रुगेटमध्ये परतणाऱ्या तरंगलांबींचे हे जादा पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. लाटेची उंची दोन्ही टोकांना हळूहळू उतरवली, तर परावर्तनाच्या आलेखातले मुख्य पट्ट्याच्या कडेचे छोटे उंचवटेही दबतात.

मात्र अपवर्तनांकातला चढउतार तेवढाच ठेवला, तर रुगेटचा पट्टा थोडा अरुंद येतो आणि तेवढंच परावर्तन मिळवायला लाटेची आवर्तनं जास्त लागतात. म्हणजे जाडी वाढली. खोलवर आम्ल पातळ पडतं आणि लाट विस्कटते. मग मधे मधे प्रवाह थांबवून ताजं आम्ल तळापर्यंत पोहोचू द्यावं लागतं. वाळवताना तडे जाण्याची भीती असतेच.

एक अडचण दोघांचीही. भरपूर डोपिंग केलेल्या, म्हणजे वीज वाहावी म्हणून दुसरं मूलद्रव्य मिसळलेल्या, चकतीतले मुक्त प्रभार दूर-अवरक्त प्रकाश शोषतात, आणि तरंगलांबी वाढेल तसं हे शोषण वाढत जातं. आरसा म्हणून वापरताना ते चालतं. प्रकाश पार न्यायचा असेल, तर शेवटी प्रवाहाचा एक जोरदार झटका देऊन कोरलेला पापुद्रा खालच्या चकतीपासून सोडवून घ्यावा लागतो.