टीजीएफ-बीटा आणि कर्कगाठीतील प्रतिकारक पेशी

ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा (टीजीएफ-बीटा) हे निरोगी आवरणपेशींची वाढ रोखून धरणारे प्रथिन आहे. स्वादुपिंड व मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत स्मॅड४ (त्याचा संदेश पेशीच्या आत पुढे नेणारे प्रथिन) किंवा टाइप २ रिसेप्टर (पेशीवर तो संदेश झेलणारे प्रथिन) यांचे जनुक बिघडते आणि कर्कपेशी त्याला जुमानत नाहीत. गाठीतल्या प्रतिकारक पेशींवर मात्र त्याचा अंमल चालूच राहतो.

पेशीबाहेर येताना हा घटक एलएपी या प्रथिनाच्या वेष्टनात, सुप्तावस्थेत असतो. नियामक टी पेशी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) तो गार्प प्रथिनाच्या आधारे आपल्या पृष्ठभागावर बाळगतात. अल्फा-व्ही-बीटा-८ इंटिग्रिन हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन त्याला जागे करते. म्हणून गाठीत तो किती आहे यापेक्षा कुठे जागा होतो, हे अधिक महत्त्वाचे.

जागा झाल्यावर तो स्मॅड२ व स्मॅड३ या संदेश नेणाऱ्या प्रथिनांमार्फत मारक टी पेशींतील परफोरिन, ग्रँझाइम (दोन्ही कर्कपेशी मारणारी प्रथिने) आणि इंटरफेरॉन-गॅमा (इतर प्रतिकारक पेशींना चेतवणारे प्रथिन) यांची निर्मिती घटवतो. एनके (नैसर्गिक मारक) पेशींवरचा, कर्कपेशी ओळखणारा एनकेजी२डी रिसेप्टर कमी होतो. इंटरल्युकिन-२ हे प्रतिकारक पेशींचे संदेशवाहक प्रथिन सोबत असेल तर नवख्या सीडी४ (मदतनीस टी) पेशींत फॉक्सपी३ जनुक चालू होऊन त्या नियामक बनतात. इंटरल्युकिन-६ असेल तर टीएच१७ या दाह वाढवणाऱ्या टी पेशींच्या प्रकाराकडे वळतात. याच घटकामुळे फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) कोलॅजेनचे जाळे विणतात आणि टी पेशी गाठीच्या कडेलाच अडकतात. मूत्राशयाच्या कर्करोगात अटेझोलिझुमॅब (टी पेशींना थोपवणारे पीडी-एल१ प्रथिन अडवणारे औषध) घेतलेल्या रुग्णांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका इथे बोट ठेवतो: फायब्रोब्लास्टमधील टीजीएफ-बीटाच्या खुणा ठळक असलेल्या, टी पेशी बाहेरच राहिलेल्या गाठींनी औषधाला दाद दिली नव्हती.

टीजीएफ-बीटाच्या मोजणीत घोटाळे फार. रक्त गोठताना प्लेटलेट्स हा घटक ओततात, त्यामुळे सीरमचा आकडा फुगतो. प्लेटलेट्स काढलेला प्लाझ्माच वापरावा. नेहमीच्या एलायझाला (प्रतिपिंडांच्या साह्याने प्रथिन मोजणारी चाचणी) सुप्त रूप दिसत नाही. नमुना 1 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे 10 मिनिटे ठेवून मग उदासीन करावा लागतो, आणि तेव्हा मिळणारा आकडा एकूण साठ्याचा असतो, सक्रिय भागाचा नव्हे. पेशी वाढवण्याच्या संवर्धन द्रावातील वासराच्या सीरममध्येही हाच घटक असल्याने पेशी न घातलेला द्राव सोबत मोजणे अटळ.

औषधे आजवर तोकडी पडली आहेत. टाइप १ रिसेप्टर रोखणाऱ्या औषधांनी प्राण्यांत हृदयाच्या झडपांना इजा केली. म्हणून त्यांपैकी गॅलुनिसर्टिब 14 दिवस देऊन 14 दिवस थांबवत. पीडी-एल१ आणि टीजीएफ-बीटा दोन्ही अडवणाऱ्या बिंट्राफस्प अल्फाची फुप्फुसाच्या कर्करोगातील चाचणी 2021 मध्ये थांबली: एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा (टी पेशींवरील पीडी-१ रोखणारे औषध) ते सरस ठरण्याची चिन्हे नव्हती.