संघटनेच्या शाखेत पदाधिकारी व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि चेंज रिपोर्टची माहिती

डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनिअर, करसल्लागार, कुठलाही व्यवसाय घ्या. त्याच्या संघटनेची ठाण्यात किंवा नवी मुंबईत शाखा असली की दर एक-दोन वर्षांनी तिला नवे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार लागतात. काम मानद. पगार नाही, वर कार्यक्रमाच्या चहा-नाश्त्याचा हिशेब आपल्याच गळ्यात. तरीही माणसं हौसेने पुढे येतात आणि निवडूनही येतात. अडतं ते पुढे, बँकेत. जुन्या खजिनदारांनी चेकबुक परत केलेलं असतं, नव्यांची सही लागलेली नसते आणि हॉलचं भाडं द्यायची तारीख उलटून गेलेली असते. हा घोळ टाळायचा तर कागदांची तयारी निवडणुकीच्या आधीपासून लागते.

सगळ्यात आधी आपली शाखा कायद्याने कोण आहे ते बघा. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या ठाण्यात आणि नवी मुंबईतही शाखा आहेत, पण ती संस्था १९४९ च्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली. तिथल्या शाखा समितीची निवडणूक संस्थेच्याच नियमांनी होते. बऱ्याच संघटनांच्या स्थानिक शाखा मात्र स्वतंत्र नोंदणी करून उभ्या असतात: एकदा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि पुन्हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. ओळख सोपी आहे. लेटरहेडवर दोन नंबर असतात, एक ‘महाराष्ट्र’ने सुरू होऊन ‘ठाणे’वर संपणारा आणि दुसरा ‘एफ’चा. पुढची माहिती अशा शाखांसाठी आहे.

नवी मुंबईकरांनी इथे जरा थांबावं. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगडमध्ये. शाखेचे सभासद दोन्हीकडचे असले तरी कोणतं धर्मादाय कार्यालय (१९५० च्या कायद्याचं काम बघणारं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय) लागणार ते ठरतं नोंदणीकृत पत्त्यावरून. नवे सचिव खारघरला राहतात म्हणून ऑफिसचा पत्ता परस्पर त्यांच्या घरी नेऊ नका. पत्ता बदलला तर तोही रीतसर कळवावा लागतो.

पात्रता शाखेच्या घटनेत लिहिलेली असते. किती वर्षांचं सभासदत्व हवं, सूचक-अनुमोदक किती, लागोपाठ किती वेळा एकच पद घेता येतं, हे सगळं तिथेच सापडेल. घटना म्हणजे धर्मादाय कार्यालयात दाखल असलेली प्रत; ग्रुपवर फिरणारी, मधल्या काळात कुणीतरी ‘सुधारलेली’ पीडीएफ नव्हे. एक गोष्ट मात्र घटनेत नसली तरी लागू होते. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणून उमेदवाराने आपली, सूचकाची आणि अनुमोदकाची पावती अर्जाला जोडून टाकावी. मतदार यादी खजिनदारांच्या वर्गणी रजिस्टरशी ताडून बघितली नाही तर नंतरच्या हरकतीला आपणच निमंत्रण देतो.

सभेच्या नोटिसीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचे धर्मादाय कार्यालयात द्यायचे अर्ज, अडकतात तेही इथेच. घटनेत पंधरा दिवस आधी लेखी नोटीस म्हटलं असेल तर तेवढे पूर्ण दिवस मिळाले पाहिजेत, आणि ती पाठवल्याचा पुरावा हवा. जुन्या घटनांमध्ये ‘यूपीसीने (पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन) पाठवावी’ असं सर्रास आढळतं. पोस्टाने ती सोय २०११ मध्येच बंद केली. अशा वेळी स्पीड पोस्टच्या पावत्या किंवा सभासदाची सही घेतलेलं पोच-रजिस्टर ठेवा, आणि पुढच्या सभेत घटनादुरुस्ती करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर पाठवा, पण घटनेत ती पद्धत नसेल तर तेवढ्यावर विसंबू नका.

आता इतिवृत्ताची वही. सभा घंटाळीच्या सहयोग मंदिरात झाली काय किंवा एखाद्या सभासदाच्या ऑफिसात, वहीत तारीख, वेळ, ठिकाण, हजर सभासदांच्या सह्या, गणपूर्ती झाली का, नसेल तर सभा तहकूब करून पुन्हा घेतली का, आणि कोणत्या पदावर कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे स्पष्ट दिसलं पाहिजे. पानांना नंबर असावेत. मध्येच कोरं पान सोडलेलं, नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं असं काही दिसलं की निवडीला हरकत घेणाऱ्याच्या वकिलाचं अर्धं काम झालंच. ‘नवी कार्यकारिणी टाळ्यांच्या गजरात निवडण्यात आली’ हे वाक्य वार्षिक अंकात छान दिसतं, धर्मादाय कार्यालयाच्या चौकशीत ते काही कामाचं नाही.

निवड झाली की दोन कामं. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ खाली कार्यकारिणीची यादी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांत द्यायची. आणि १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल घडल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे अनुसूची ३ मधला अर्ज, दाखल करायचा. कार्यकारिणीची मुदत संपली तरच बदल होतो असं नाही. खजिनदार मध्येच परगावी गेले आणि त्यांनी राजीनामा दिला, तरी तो बदलच.

अर्जासोबत साधारणपणे सभेची नोटीस व पाठवल्याचा पुरावा, इतिवृत्त व हजेरीची प्रत, निवडणूक अधिकाऱ्याचा अहवाल, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा ना हरकत, घटनेची प्रत, अनुसूची १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली शाखेची नोंद) आणि प्रतिज्ञापत्र लागतं. यातली जाणाऱ्यांची ना हरकत सभेच्याच दिवशी सही करून घ्यावी. महिन्याभराने तीच माणसं फोन उचलतीलच असं नाही.

१९५० च्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पदाधिकाऱ्यांच्या बदलाला उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देऊ शकतात आणि ३० दिवसांत हरकती मागवतात. हरकत आली की प्रकरण रीतसर चौकशीत जातं आणि मग तारखा पडत राहतात. ९० दिवस उलटले असतील तर सबळ कारण दाखवून खर्चाची रक्कम भरावी लागते.

बँक बहुतेक वेळा सही बदलण्याचा ठराव, नव्यांचं केवायसी आणि अनुसूची १ चा ताजा उतारा मागते. उतारा हातात यायला वेळ लागणार हे धरून चालावं. सभेतच ठराव करून घ्या की बँकेत नव्या सह्या लागेपर्यंत जुन्या सह्यांनी ठरावीक मर्यादेपर्यंत नेहमीचा खर्च चालेल, आणि त्याची प्रत बँकेला आधीच देऊन ठेवा.

ताबा घेताना इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणी रजिस्टर, पॅन, ऑडिट रिपोर्ट भरल्याच्या पोचपावत्या आणि शिक्का यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. धर्मादाय आणि आयकर पोर्टलचे लॉगिन कुणाच्या मोबाइल नंबरला जोडलेले आहेत ते त्याच बैठकीत तपासा. ओटीपी अजून तीन कार्यकारिण्यांपूर्वीच्या सचिवांना जात असेल, तर नंबर तिथेच बदलून घ्या.