वैज्ञानिक क्रांती

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात निसर्गाच्या अभ्यासाची रीत पालटली, त्या स्थित्यंतराला हे नाव आहे. कालमर्यादा साधारणतः १५४३ (पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ) ते १६८७ (न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’) अशी धरतात, ती सोयीपुरती. संज्ञा रुळली विसाव्या शतकात, मुख्यतः कोयरे व बटरफील्ड या इतिहासकारांच्या लेखनामुळे.

कोपर्निकसच्या ग्रंथनामातील ‘रेव्होल्युशनिबस’ या लॅटिन शब्दाचा (इंग्रजी ‘रेव्होल्यूशन’ त्याच धातूचा) अर्थ उलथापालथ नव्हे, तर परिभ्रमण, फिरून मूळ जागी येणे. राजकीय अर्थ पुढचा. १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो पक्का झाला. मराठी ‘क्रांती’ही मूळची ज्योतिषातली: खगोलीय विषुववृत्तापासून ग्रहाचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर. ‘क्रांतिवृत्त’ (सूर्याचा आकाशातील भासमान मार्ग) हा शब्द अजून वापरात आहेच.

राज्यक्रांतीत जुनी सत्ता कोणत्या दिवशी पडली ते सांगता येते. येथे तसे नाही. जर्मन ज्योतिर्विद राइनहोल्डने १५५१ची ग्रहकोष्टके कोपर्निकसच्या गणितावर रचली. पृथ्वी फिरते की नाही, या वादात तो शिरला नाही. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे जवळच्या ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसावी (पराशय), हे मोजमाप बेसेलने १८३८ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर अभ्यासकांचे मत कधीच बदलले होते. सत्ता सर्वत्र नव्या विचाराच्या विरोधातच होती, असेही नाही. गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला झाला खरा; पण लंडनची रॉयल सोसायटी स्थापन झाली १६६० मध्ये, म्हणजे इंग्लंडात राजा परतला त्याच वर्षी, आणि दोन वर्षांत तिला राजाची सनदही मिळाली.

उगमाबाबत मतभेद आहेत. फ्रेंच विज्ञानेतिहासकार दुएमच्या मते बीजे चौदाव्या शतकातील पॅरिसमध्ये, तत्त्वज्ञ बुरिदाँच्या गतिविचारात आहेत. अधिक गुंतागुंतीचा प्रश्न इराणमधील मराघा वेधशाळेचा. तेथील नासिरुद्दीन तूसीने (१२०१–७४) एका वर्तुळाच्या आत त्याच्या निम्म्या व्यासाचे वर्तुळ फिरवून सरळ रेषेतील पुढे-मागे होणारी गती मिळवली. ही युक्ती कोपर्निकसकडे आढळते. त्याची चंद्रगतीची रचनाही दमास्कसच्या इब्न अल्-शातिरच्या (चौदावे शतक) रचनेशी जुळते. हे साम्य १९५७च्या सुमारास लक्षात आले. काही अभ्यासक दोन्ही शोध स्वतंत्र मानतात. परंतु साम्य एकाच जागी नसल्याने उसनवारीचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. ग्रीक हस्तलिखितांमार्फत इटलीत, जेथे कोपर्निकस शिकला, हे ज्ञान पोचले असावे. मात्र या पूर्वसूरींनी पृथ्वी स्थिरच ठेवली होती.

वैद्यकात व्हेसेलियस (शरीररचना, १५४३) व हार्वी (रक्ताभिसरण, १६२८) यांची नावे घेतात. रसायनशास्त्रात बदल अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्येने आपल्या कामातून क्रांती घडेल, असे १७७३ मध्येच टिपून ठेवले होते. पुढे, करवसुलीच्या मक्त्यातील भागीदार म्हणून, १७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने त्याचा शिरच्छेद केला.