थंडीत गोठलेला पाम उन्हाळ्यात का मरतो?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यावर ध्रुवाकडची हवा येऊन कोसळली. ऑस्टिनमध्ये पारा उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, ह्यूस्टनमध्ये उणे १० पर्यंत उतरला, आणि अनेक ठिकाणी तो सलग काही दिवस शून्याच्या वर आलाच नाही. रस्त्याकडेला ओळीने लावलेले उंच मेक्सिकन फॅन पाम तपकिरी पडले. यात नवल काही नव्हतं. पण अशा मोठ्या गारठ्यानंतर पाम लावणाऱ्यांना आणखी एक कोडं पडतं. काही झाडं थंडीतून सुटल्यासारखी दिसतात, वसंतात एखादं नवं पानही काढतात, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या तापत्या आठवड्यात अचानक माना टाकतात. मग पाणी कमी पडलं, कीड लागली, खत जास्त झालं, अशी कारणं शोधली जातात. प्रत्यक्षात त्या झाडाचा घात हिवाळ्यातच झालेला असतो, उन्हाळा फक्त तो उघड करतो. हे कसं घडतं ते कळलं, की थंडी सोसणारे पाम कसे वाढवावेत याची अर्धीअधिक उत्तरं आपोआप मिळतात.

ताडकुळात सुमारे २,५०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्णकटिबंधातल्या आहेत. मात्र मूठभर जातींनी गोठवणाऱ्या थंडीशी जमवून घेतलं आहे. चीनमधला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय हा त्यातला सर्वात प्रसिद्ध. अमेरिकेच्या आग्नेय भागातला बुटका, काटेरी नीडल पाम तर उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही झेलतो. भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स, बलुचिस्तानच्या कोरड्या डोंगरांतला मजारी पाम ही आणखी काही नावं. आणि एक आपल्या हिमालयातला : ट्रॅकिकार्पस टाकिल. कुमाऊँमध्ये पिथोरागढजवळ, २,००० मीटरच्या वर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे तो रानात वाढतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९०५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

तरीही हे अपवादच. म्हणून तर पामाचा जीवाश्म सापडला की भूवैज्ञानिक त्या काळचा हिवाळा सौम्य होता असं अनुमान काढतात. आर्क्टिक महासागराच्या तळातून काढलेल्या सुमारे ५.३ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात पामाचे परागकण सापडले, आणि त्यावरून तेव्हा तिथे कडक गोठण होत नसावी हे कळलं. एका वनस्पतिकुळावर इतका विश्वास टाकता येतो, कारण थंडीपुढची त्याची अडचण एखाद्या जातीपुरती नाही. ती पामाच्या शरीररचनेतच आहे.

शाळेत एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री असा भेद शिकलेला आठवत असेल. आंबा, वड, ओक यांच्या खोडात सालीच्या आत कँबियम नावाचा एक पातळ, सतत विभागणारा थर असतो. तो आतल्या बाजूला पाणी वर नेणाऱ्या नव्या जलवाहिन्या आणि बाहेरच्या बाजूला अन्नरस वाहणाऱ्या नव्या रसवाहिन्या तयार करत राहतो. पाम एकबीजपत्री. त्याला कँबियम नाही. त्याच्या बुंध्यात वाहिन्यांचे जुडगे विखुरलेले असतात आणि ते एकदाच बनतात. शंभर वर्षांच्या पामाच्या बुडाशी असलेल्या रसवाहिनीतल्या जिवंत पेशीही शंभर वर्षांच्याच असतात. प्राणी असो वा वनस्पती, इतकी वर्षं अखंड काम करणाऱ्या पेशी फार थोड्या ठिकाणी आढळतात. पण याचा दुसरा अर्थ असा, की बिघडलेली नळी बदलून मिळत नाही. शिवाय बहुतेक पामांना एका बुंध्यावर वाढीचा एकच कोंब असतो. तो मेला तर बाजूने फांदी फुटत नाही.

आता गोठण्याकडे येऊ. माझ्या मते वनस्पतिशास्त्रातली ही सर्वात सुंदर यंत्रणांपैकी एक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शून्य अंशाजवळच्या एक लिटर पाण्यात जवळपास ३० मिलिलिटर हवा विरघळलेली असू शकते. बर्फात मात्र हवेला जवळजवळ जागाच नसते. पाणी गोठू लागलं की बर्फाचे स्फटिक हवेला पुढे ढकलत नेतात आणि शेवटी ती बुडबुड्यांच्या रूपात अडकते. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्याच्या मध्यभागी जो पांढरा ढग दिसतो, तो हाच. झाडाच्या जलवाहिनीतलं पाणी गोठलं तर तिथेही हेच होतं. गोठलेलं असताना या बुडबुड्यांचा त्रास नसतो. धोका सुरू होतो तो बर्फ वितळताना.

जलवाहिनीतलं पाणी खालून ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं. पानांतून बाष्प बाहेर पडतं, त्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर सरकतो, आणि त्यामुळे दिवसा नळीतल्या पाण्याचा दाब ऋण असतो. समजा ही ओढ पाच वातावरणांइतकी, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाचपट आहे. बर्फ वितळलं, पाण्यात बुडबुडा उरला. त्याच्यावर दोन बलं काम करतात. पृष्ठताण त्याला आत दाबून विरघळवू पाहतो, आणि पाण्यावरची ओढ त्याला फुगवू पाहते. पृष्ठताणाचा दाब बुडबुड्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या १ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर तो दाब सुमारे दीड वातावरण, १० मायक्रोमीटर असेल तर त्याचा दहावा भाग. गणित मांडलं तर पाच वातावरणांच्या ओढीपुढे टिकायला बुडबुड्याची त्रिज्या साधारण ०.३ मायक्रोमीटरपेक्षा कमी हवी. त्याहून मोठा बुडबुडा विरघळत नाही, फुगत जातो आणि अख्खी नळी हवेने भरून टाकतो. पाण्याचा स्तंभ तुटतो. ती नळी बाद.

बुडबुडा किती मोठा होणार हे मुख्यतः नळीच्या रुंदीवर ठरतं, कारण रुंद नळीत पाणी जास्त, म्हणून हवाही जास्त. १९९९ मध्ये स्टीफन डेव्हिस, जॉन स्पेरी आणि उवे हाके यांनी वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या अशाच ओढीखाली गोठवून आणि वितळवून पाहिल्या. ज्यांच्या नळ्यांचा सरासरी व्यास ३० मायक्रोमीटरपेक्षा कमी होता, त्यांचं जवळजवळ काही बिघडलं नाही. ४० च्या वर गेल्यावर बहुतेक नळ्या बंद पडल्या. सूचिपर्णी वृक्षांच्या नळ्या अरुंद असतात, म्हणून ते थेट ध्रुवीय सीमेपर्यंत उभे राहतात. ओकच्या नळ्या रुंद, त्या हिवाळ्यात बाद होतात, पण कँबियम वसंतात नव्या नळ्यांचं कडं तयार करतं आणि झाड पुढे चालू लागतं. अनेक पामांच्या बुंध्यातल्या नळ्या १०० मायक्रोमीटरच्या वर असतात आणि कँबियमही नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी.

उन्हाळ्यातल्या मृत्यूचं कारण इथे सापडतं. कडक गोठणीत बुंध्यातल्या बऱ्याच नळ्या हवेने भरतात, आजूबाजूच्या जिवंत पेशी आणि रसवाहिन्याही मरतात. हिवाळ्यात आणि वसंतात पाण्याची गरज कमी, तेव्हा उरलेल्या नळ्यांवर भागतं. कडक ऊन पडलं की गरज वाढते, आणि पुरवठा वाढवायला मार्गच शिल्लक नसतो.

मग काटक पाम जगतात कसे? पहिलं म्हणजे बुंधा गोठू न देणं. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढीच उष्णता ते पाणी ८० अंशांनी थंड करताना काढून घ्यावी लागते. जाड, पाण्याने भरलेला बुंधा म्हणूनच एका रात्रीत गोठत नाही, त्याला सलग बरेच तास, कधी दिवसही लागतात. ट्रॅकिकार्पसच्या बुंध्याभोवतीचं जुन्या देठांचं आणि तंतूंचं वेष्टण त्यात भर घालतं. नीडल पामाचा बुंधा अगदी आखूड आणि पानांच्या गराड्यात असतो, सबल मायनर या दुसऱ्या बुटक्या पामाचा तर जमिनीखालीच. दुसरी सोय पानाच्या जोडावर आहे. १९८६ मध्ये स्पेरी यांनी ऱ्हापिस या पामावर दाखवलं, की पाण्याची टंचाई आली तर हवा पानाच्या देठातल्या नळ्यांतच अडवली जाते, कारण देठ बुंध्याला मिळतो तिथल्या नळ्या अरुंद असतात. पान गेलं तर नवीन येतं, बुंधा वाचतो.

म्हणूनच रोपाच्या चिठ्ठीवर छापलेला ‘उणे १५ पर्यंत’ असा एकच आकडा दिशाभूल करतो. किती वेळ, किती वारा, माती गोठली का, कोंबात पाणी साचलं होतं का, रोप किती वर्षांचं, यातलं काहीच त्यात नसतं. एका रात्री उणे १२ सोसणारं झाड तीन दिवसांच्या उणे ८ मध्ये जाऊ शकतं. विक्रेते हा आकडा ठळक छापतात आणि बाकीचं गाळतात, ते चुकीचं आहे. तशीच पौर्णिमेच्या रात्री चंद्र झाडं गोठवतो ही अनेक देशांतली समजूत. आकाश निरभ्र असलं की जमिनीची उष्णता सरळ अवकाशात निघून जाते आणि पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. आकाश निरभ्र असल्याने चंद्रही दिसतो, इतकाच त्याचा संबंध.

शांत, निरभ्र रात्रीच्या गोठणीवर साधं पांघरूण पुरतं, कारण ते किरणोत्सर्गाने जाणारी उष्णता अडवतं. वाऱ्यासोबत आलेल्या ध्रुवीय हवेपुढे ते अपुरं पडतं, तिथे बुंधा आणि कोंब हवा खेळू देणाऱ्या जाड कापडाने गुंडाळावा लागतो. प्लॅस्टिक नको, त्यात ओल कोंडते. कापडाच्या आत जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्यांची माळ सोडली तर थोडी ऊब मिळते, एलईडी माळेतून ती फारशी मिळत नाही. बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर हवा, कारण माती गोठली तर मुळांना पाणी मिळत नाही आणि नळ्यांवरची ओढ वाढते, म्हणजे बुडबुड्यांचंच फावतं. गोठून उजाडलेल्या सकाळी पानांवर थेट ऊन पडू न देण्यामागचं कारणही हेच. झाड सावलीत हळूहळू वितळलं तर बुडबुड्यांना विरघळायला वेळ मिळतो. लागवड वसंतात करावी, शरदात लावलेल्या रोपाची मुळं थंडीपूर्वी धरत नाहीत. पोटॅशियम कमी पडलेलं झाड थंडीला लवकर बळी पडतं.

काळजी सगळीकडे घ्यावी लागते असंही नाही. दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात ट्रॅकिकार्पस बागांमधून निसटून जंगलात इतका पसरला आहे, की १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. हिवाळा थोडा सौम्य झाला की अपवादाचं आक्रमण होऊ शकतं, हे लावण्याआधी लक्षात घ्यावं.

गारठा सरल्यावर तपकिरी पाने लगेच कापू नयेत, पुढच्या थंडीत ती कोंबावर पांघरुणासारखी राहतात. मधलं न उघडलेलं पान हलकेच ओढून पाहावं. हातात आलं तर कोंब कुजायला लागला आहे, पण झाड मेलंच असं नाही. कोंबातलं पाणी काढून, तांबेयुक्त बुरशीनाशक देऊन, वर पाऊस पडणार नाही असं झाकण ठेवून वाट पाहावी. वाढीचं टोक त्या पानाच्या बरंच खाली असतं आणि नवं पान यायला अर्धा उन्हाळा जाऊ शकतो. पहिली पाने आखूड किंवा वेडीवाकडी आली तरी घाबरायचं कारण नाही, ती थंडीच्या वेळी कोंबात घडत होती. पुढच्या दोन उन्हाळ्यांत पानांची संख्या पूर्वीइतकी झाली, तर बुंध्यातल्या पुरेशा नळ्या शाबूत आहेत असं समजायला हरकत नाही.