बोनेटखालचं प्लास्टिक ठिसूळ का होतं?

बेळगावची भाजी भरून चोर्ला घाट उतरणाऱ्या जुन्या पिकअपचं ब्रेक पॅडल एकाएकी कडक लागतं. सगळा जोर लावून दाबलं तरच गाडी थांबते. ब्रेक ऑइल भरलेलं असतं, लायनरही शाबूत असतात. घाटाखालच्या साखळी गावात पोचून बोनेट उघडलं की दोष सापडतो तो बोटाएवढ्या काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यात. व्हॅक्यूम पाइपचा एल्बो, म्हणजे कोनात वळलेला जोड, मुळाशी तडकलेला असतो. म्हापसा असो वा फोंडा, जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे. तुकडा किरकोळ किमतीचा, पण तो का मोडला हे कळलं तर दुरुस्ती टिकते. नाहीतर महिनाभरात शेजारचा तुकडा मोडतो.

ब्रेक हलके लागायला व्हॅक्यूम लागतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. पेट्रोल इंजिनात हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना तिच्या पुढच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, हवेचा दाब आपसूक कमी होतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल पिकअपमध्ये तो ऑल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. तिथून एक जाड नळी ब्रेक बूस्टरकडे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्याकडे जाते आणि मॉडेलनुसार बारीक नळ्या धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर झडपेकडे किंवा टर्बोकडे. नळ्या रबराच्या असतात, पण त्यांना जोडणारे एल्बो, टी, निपल (नळी चढवायची बारीक तोटी) आणि एकमार्गी झडपा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या.

व्हॅक्यूम ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं काम बाहेरची हवा करते. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो, हे टॉरिचेलीच्या १६४३ सालच्या प्रयोगापासून माहीत आहे. बूस्टरमधला पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरू. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. एका बाजूचा दाब ५० सेंटिमीटर पाऱ्याने उतरला, तर दुसऱ्या बाजूची हवा त्या पडद्याला २०० किलोहून जास्त वजनाइतका रेटा देते. आपला पाय फक्त इशारा करतो. एल्बो तडकला की हा सगळा रेटा नाहीसा होतो. ब्रेक बंद पडत नाहीत, पण उरतो तो फक्त पायाचा जोर, आणि भरल्या गाडीला घाटात तो पुरत नाही.

आता प्लास्टिककडे येऊ. बोनेटखालचे हे तुकडे बहुधा नायलॉनचे असतात. वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं, तेच हे नायलॉन. त्यात काचेचे बारीक तंतू मिसळून ते कणखर करतात. नायलॉन ६६ वितळतं २६० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि बोनेटखाली एवढी उष्णता कधीच नसते. म्हणजे प्लास्टिक वितळून मरत नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे मरतं.

नायलॉनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. जोर आला की त्या थोड्या सरकतात, ताणल्या जातात, आणि म्हणूनच वस्तू लवचीक राहते. उष्णतेत ऑक्सिजन या साखळ्यांवर हल्ला करतो आणि त्या मधूनच तुटतात. एक तुटली की तिथे तयार झालेला क्रियाशील तुकडा शेजारचीला तोडतो, आणि ही मालिका चालू राहते. कारखान्यात यावर उतारा म्हणून स्थिरक घातलेले असतात, नायलॉनमध्ये बऱ्याचदा तांब्याची संयुगं. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेत तेही खर्ची पडतात. त्यानंतर ऱ्हास झपाट्याने होतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं धड राहिलेला तुकडा एकाच उन्हाळ्यात हात लावताच मोडू लागतो.

वेग ठरवतं तापमान. अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेल्या सूत्रावरून ढोबळ हिशेब असा निघतो: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ८० अंशांवर बसलेल्या निपलच्या मानाने एक्झॉस्टशेजारी १०० अंशांवर बसलेलं निपल चौपट वेगाने म्हातारं होतं. यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. घाट चढून आल्यावर गाडी तशीच बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि तापलेल्या लोखंडाची उष्णता बोनेटखाली कोंडते. काही वेळ तिथलं तापमान उतरण्याऐवजी चढतं. चढण संपल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं चालू ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय प्लास्टिकच्याही भल्याची आहे.

मोडलेला एल्बो उजेडात धरून पाहा. बाहेरचा काळा रंग राखाडी, खडूसारखा झालेला असतो. नखाने घासलं की भुकटी निघते आणि काचेचे तंतू बारीक पांढऱ्या केसांसारखे उघडे पडलेले दिसतात. तुटलेल्या कडेवर मात्र आतलं प्लास्टिक अजून गर्द काळं, घट्ट असतं. ऑक्सिजन बाहेरून आत झिरपतो, त्यामुळे आधी कातडीच करपते. त्या ठिसूळ कातडीत केसाएवढी चीर पडते, आणि पुढचं काम ती चीरच करते. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि आतलं बऱ्यापैकी शाबूत प्लास्टिकही फाटत जातं. काचेसारख्या ठिसूळ पदार्थांत चिरा अशाच पसरतात, हे ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास उलगडून दाखवलं. निपल नेहमी मुळाशीच तुटतं तेही यामुळे, कारण बारीक नळी जिथे जाड अंगाला मिळते त्या कोपऱ्यात ताण मुळातच जास्त असतो.

आपल्या दमट हवेचा यात काय वाटा? नायलॉन हवेतलं पाणी शोषतं. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना सरकायला मोकळीक देतात, म्हणून ओलसर नायलॉन लवचीक आणि कोरडं नायलॉन कडक असतं. नवीन केबल टाय कडक लागले तर थोडा वेळ पाण्यात बुडवून मग ओढावेत, मोडत नाहीत. पण इंजिनाच्या धगीत हे पाणी उडून जातं, मग बाहेर कितीही पाऊस असो. म्हणजे ठिसूळपणा दोन तऱ्हेचा आहे. सुकल्यामुळे आलेला ठिसूळपणा पाणी दिलं की जातो. साखळ्या तुटल्यामुळे आलेला कशानेही जात नाही. जुना तुकडा गरम पाण्यात उकळून ‘नवा’ करण्याचा उपाय म्हणूनच अर्धवट आहे. नळी सोडवण्याआधी जोडावर गरम पाणी ओतल्याने रबर सैल होतं, इतका फायदा मात्र खरा.

डिंकाने हे का सांधत नाही तेही आता कळेल. झटपट चिकटणारा सुपरग्लू नायलॉनला धरतो, पण त्याचा थर स्वतःच ठिसूळ असतो आणि साधारण ८० अंशांपुढे पकड सोडू लागतो. मुख्य अडचण पुढची आहे: डिंक चिकटतो तो करपलेल्या कातडीला, आणि ती कातडीच अंगापासून सुटायला आलेली असते. सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडलं तरी तुटक्या साखळ्या पुन्हा लांब होत नाहीत. शिवाय नायलॉनमध्ये ओल असेल तर वितळताना ती वाफ होऊन जोडात बुडबुडे पडतात.

माझ्या मते बारीक निपलसाठी एकच दुरुस्ती विश्वासाची: भार प्लास्टिकवरून काढून धातूवर टाकायचा. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे पाव इंची तांब्याच्या नळीचे तुकडे पडलेले असतात. मोडलेला भाग गाडीवरून पूर्ण उतरवावा, म्हणजे कीस इंजिनात किंवा पंपात जाणार नाही. आतलं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं नाही ना ते आधी पाहावं. काही निपलमध्ये हवेचा वेग रोखायला तशी योजना असते, तिथे ड्रिल चालवू नये. मग हाताने, सावकाश भोक मोठं करून नळी जेमतेम बसेल असं करावं. दोन्ही अंगं खरखरीत कागदाने घासून करपलेला थर काढावा आणि आतलं काळं प्लास्टिक उघडं करावं. पाकिटावर किमान १२० अंश लिहिलेला, सावकाश वाळणारा दोन डब्यांचा इपॉक्सी लावून नळी चांगली खोल बसवावी. इथे इपॉक्सी फक्त फट बुजवतो, जोर तांबं घेतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे इपॉक्सीवर चिकट साय धरते, तेव्हा तुकडा पिवळ्या बल्बच्या उबेत रात्रभर ठेवावा.

ब्रेकच्या जाड नळीला मात्र यातलं काहीही करू नये. बूस्टरची एकमार्गी झडप आणि तिचा एल्बो नवाच घ्यावा. नळीसाठी फिश टँकची पारदर्शक पाइप तर मुळीच नको. ती धगीत मऊ पडून बाहेरच्या हवेच्या दाबाने मिटते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

जुनी नळी काढताना ओढू नका. चिकटलेलं रबर सोडत नाही, आणि खेचलं की निपल हातात येतं. ब्लेडने नळी उभी चिरा आणि सोलून काढा. नळी पुन्हा मिळते, निपल मिळेलच असं नाही. एक तुकडा मोडला असेल तर त्याच इंजिनावरचे बाकीचेही तेवढेच जुने आहेत. त्यातले एक्झॉस्टच्या जवळचे आधी बदला.

गळती शोधायला हातभर रबरी नळी पुरते. एक टोक कानाला, दुसरं जोडांवरून फिरवा, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब राहून. फुसफुस जिथे वाढते तिथे चीर. सगळं बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, मग पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. जागचं हललं नाही, तर गाडीत माल भरू नका.